फळी मोडली, आता तू काय करतेस?

टेबलाभोवती पाच जण बसलेत. टेबलावर कागद, पेन्सिली आणि थोडे फासे, बाकी काही नाही. त्यातला एकजण सांगायला लागतो, ‘‘समोर दोरांचा जुना पूल आहे. मधल्या दोन फळ्या गायब. खालून पाण्याचा आवाज येतोय आणि मागून मशालींचा उजेड जवळ यायला लागलाय. काय करताय?’’

‘‘मी उडी मारते,’’ एक मुलगी म्हणते.

‘‘अगं थांब, आधी कमरेला दोर तरी बांध!’’ शेजारचा ओरडतो.

‘‘बरं, बांधला. आता उडी.’’

‘‘टाक फासा.’’

वीस पैलूंचा फासा घरंगळत जातो आणि ४ वर थांबतो. क्षणभर कुणी बोलत नाही. मग सांगणारा म्हणतो, ‘‘तुझा पाय पलीकडच्या फळीवर पडतो खरा, पण फळी कडकन मोडते. आता तू दोन्ही हातांनी पुलाच्या दोराला लोंबकळतेयस. आणि तो कमरेचा दोर... त्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे?’’

सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे मुळात एवढंच. पट लागत नाही, सोंगट्या असल्याच तर सोयीपुरत्या, आणि शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही. एकजण ते काल्पनिक जग सांभाळतो: पूल किती जुना, मशाली कुणाच्या, दोर तुटला तर काय. त्याला डंजन मास्टर किंवा गेम मास्टर म्हणतात. मी इथे त्याला सूत्रधार म्हणेन. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने बोलतात, ठरवतात, चुकतात. आज अर्धवट राहिलेली गोष्ट पुढच्या बैठकीत तिथूनच पुढे सरकते. काही गट एकच गोष्ट वर्षानुवर्षं खेळत राहतात.

मग फासा कशाला? सूत्रधाराच्या मनात आलं म्हणून मुलगी पडली, असं व्हायला लागलं तर खेळाचं भांडण व्हायला वेळ लागणार नाही. आणि मुलीने म्हटलं म्हणून ती दर वेळी पलीकडे पोचली, तर पुलात काही दम उरणार नाही. म्हणून जिथे निकाल खरोखरच दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, तिथे फासा टाकायचा. सूत्रधार आधी सांगतो की उडी अवघड आहे, १५ लागतील. मुलीचं पात्र चपळ असेल तर फाशावरच्या आकड्यात ५ मिळवायचे. म्हणजे फाशावर १० किंवा त्याहून जास्त यायला हवेत. वीसपैकी अकरा पैलू, ५५ टक्के शक्यता. आले ४, झाले ९, मोडली फळी.

फासा घरंगळत असतो तेवढ्या दोन सेकंदांत सांगणाऱ्यालाही पुढचं माहीत नसतं. गोष्ट सांगायचे प्रकार माणसाने पुष्कळ शोधले. पण सांगणारा आणि ऐकणारा दोघंही ‘आता काय होणार’ म्हणून एकाच वेळी श्वास रोखून बसलेत, असा प्रकार फार विरळा, आणि मला हा खेळ प्रिय आहे तो त्यासाठीच.

या खेळातून दोन गोष्टी जगात गेल्या. एक म्हणजे आकडे, म्हणजे माणसाचं बळ, अनुभव, जखमा मोजायची एक पद्धत. दुसरी म्हणजे वर दिला तो संवाद. आकडे झपाट्याने पसरले, कारण ते कॉम्प्युटरला कळतात. संवादाचा प्रवास मात्र लांबचा आणि वळणावळणाचा झाला. या खेळाच्या प्रभावाबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा आकड्यांपाशीच थांबतात. मला दोन्ही सांगायचंय.

लढाईच्या नकाशावरून तळघरात

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी ‘क्रीगश्पील’ नावाचा खेळ आला. राइसविट्झ पितापुत्रांनी तो घडवला. मुलाची नियमावली १८२४ ची. नकाशावर ठोकळे मांडायचे, फासे टाकायचे आणि मध्ये एक पंच. खेळणारा अधिकारी आपला हुकूम पंचाला सांगायचा, पंच त्याचा परिणाम ठरवायचा. हुकूम नियमांच्या पुस्तकात बसत नसला तरी चालायचं, कारण निर्णय द्यायला अनुभवी माणूस बसलेला असायचा. आपला सूत्रधार या पंचाचाच वारस.

पुढे हे युद्धखेळ हौशी लोकांचा छंद झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, डेव्हिड वेस्ली नावाच्या खेळाडूने नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा एक डाव मांडला. ब्राउनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंनी दोन सैन्यं. खेळायला माणसं जास्त आली म्हणून त्याने गावातल्या लोकांच्या भूमिकाही वाटून टाकल्या. कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं भलतंच. लढाई राहिली बाजूला आणि लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी गुप्त सौदे करायला लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि त्याचे नियम वेस्लीला जागच्या जागी बनवावे लागले. आपला प्रयोग फसला असं त्याला वाटलं. खेळलेली मंडळी मात्र ‘परत कधी?’ म्हणून त्याच्या मागे लागली.

त्याच गटातला डेव्ह आर्नेसन. त्याने ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या किल्ल्याखालच्या तळघरात नेली. तळघरात राक्षस, सापळे, खजिना. आणि महत्त्वाचं म्हणजे, वाचलेलं पात्र पुढच्या वेळी पुन्हा खेळायचं आणि हळूहळू तरबेज होत जायचं. १९७२ च्या सुमारास त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेलेली होती, घरी बूटदुरुस्तीचं काम करून तो संसार चालवत होता आणि युद्धखेळांचे नियम लिहीत होता. दोघांच्या कामातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती. लोक त्याला डी अँड डी म्हणतात.

त्या खोक्यावर ‘रोल-प्लेइंग’ हा शब्दच नव्हता. काल्पनिक मध्ययुगीन युद्धखेळांचे नियम, कागद-पेन्सिल आणि छोट्या मूर्ती घेऊन खेळण्यासाठी, अशा अर्थाचं वर्णन होतं. आपण नवा कलाप्रकार जन्माला घातलाय हे घालणाऱ्यांनाही पुरतं उमगलेलं नव्हतं. नाव मागाहून खेळणाऱ्यांकडून आलं.

आणि त्या पुस्तिका अपुऱ्या होत्या. कितीतरी नियम अर्धवट, काही ठिकाणी एकमेकांना छेद देणारे, आणि बऱ्याच गोष्टींसाठी दुसऱ्याच एका खेळाची पुस्तिका जवळ असेल असं गृहीत धरलेलं. माझं मत असं की या खेळाचं नशीब याच उणिवेने उघडलं. ज्याने त्याने गाळलेल्या जागा आपल्या परीने भरल्या. एका शहरातला खेळ दुसऱ्या शहरातल्यापेक्षा वेगळा झाला. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड या बाईंनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ नावाचं हौशी नियतकालिक सुरू केलं. त्यात खेळाडू आपापले नियम, आपापल्या मोहिमांच्या हकिकती आणि एकमेकांशी वाद छापायचे. वाचणारा पहिल्या दिवसापासून लिहिणाराही झाला. ही सवय या छंदातून आजवर गेलेली नाही.

आकड्यांची गोष्ट

मूळ युद्धखेळात एक फटका बसला की शिपाई मेला. शंभर शिपायांतला एक गेला तर कुणाला काय वाटणार? पण आर्नेसनच्या तळघरात प्रत्येकाकडे एकच पात्र होतं, आणि त्यावर जीव जडलेला. एका फटक्यात ते गेलं की खेळणारा हिरमुसायचा. म्हणून आर्नेसनने आरमारी लढाईच्या खेळातली युक्ती उचलली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, ते किती मार सोसू शकतं याचा एक साठा असतो. तो साठा माणसाला दिला, आणि ‘हिट पॉइंट’ तयार झाले. आज कॉम्प्युटरवरच्या असंख्य खेळांत पात्राच्या डोक्यावर जी जीवाची पट्टी दिसते आणि मार बसला की कमी होते, ती मुळात जहाजाची आहे.

त्याच्या जोडीला अनुभवाचे गुण म्हणजे ‘एक्सपीरियन्स पॉइंट’, ते साठले की वरची ‘लेव्हल’, आणि पात्राचा वर्ग, म्हणजे योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक वगैरे. लढणारा पुढे उभा राहणार, बरं करणारा मागे, ही विभागणी आजही इंटरनेटवर एकत्र खेळल्या जाणाऱ्या मोठमोठ्या खेळांचा कणा आहे. ‘लेव्हल अप’ हा शब्द तर आता खेळाशी काडीचा संबंध नसलेले लोकही वापरतात. भाषा शिकवणारं ॲप, व्यायाम मोजणारं घड्याळ, कामाचे गुण आणि बिल्ले देणारं सॉफ्टवेअर या सगळ्यांत त्या तीन पुस्तिकांतलं व्याकरण आहे.

कॉम्प्युटरवर हे इतक्या लवकर पोचलं की नवल वाटतं. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर १९७५ सालीच विद्यार्थ्यांनी तळघरात उतरायचे खेळ लिहिले. त्यातल्या एकाचं नाव ‘पेडिट५’. कामाची फाइल वाटावी आणि कुणी पुसून टाकू नये म्हणून ठेवलेलं. अमेरिकेत १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले. ते खेळून भारावलेल्या युजी होरीने जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला आणि हे सगळे आकडे घरातल्या लहान मुलाला झेपतील इतके सोपे करून दाखवले. पुढच्याच वर्षी ‘फायनल फँटसी’ आला. तिथून पुढे एका अख्ख्या पिढीला डी अँड डी चं नावही न ऐकता त्याचे नियम तोंडपाठ झाले.

या प्रवासात एक गोष्ट हरवली, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. सुरुवातीच्या डी अँड डी मध्ये अनुभवाचे बहुतेक गुण राक्षस मारून मिळत नसत, खजिना बाहेर आणून मिळत. एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक गुण. राक्षसाशी लढणं हा तोट्याचा सौदा होता. त्याला फसवणं, झोपू देणं, लाच देणं, वळसा घालून जाणं शहाणपणाचं. पण माणसाच्या चलाखीला दाद द्यायला समोर माणूस लागतो. यंत्राला मोजायला सोपं काय? किती मारले. म्हणून कॉम्प्युटरवर गुण मारण्याला जास्त मिळायला लागले, आणि पुढे टेबलावरच्या नियमांचाही कल तिकडेच झुकला. मोजता येतं तेच महत्त्वाचं होऊन बसतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मी पाहिलेलं नाही.

यंत्राला सूत्रधार बनवायचेही प्रयत्न झाले. विल क्राउथर हा प्रोग्रामर, गुहा धुंडाळणारा आणि डी अँड डी खेळणारा. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्याने केंटकीतल्या मॅमथ केव्ह या खऱ्या गुहेच्या आधारे ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. पडद्यावर नुसते शब्द: तू अमुक ठिकाणी उभा आहेस, आता काय करतोस? आपण टाइप करायचं, यंत्र उत्तर देणार. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असं ‘मड’ केलं, आणि आजच्या ऑनलाइन जगांची वंशावळ तिथवर जाते. तरीही त्या यंत्रांना एक मर्यादा राहिली: जे कुणीतरी आधी लिहून ठेवलंय तेवढंच करता यायचं. टेबलावर तुम्ही राक्षसाच्या दारावरच्या पहारेकऱ्याला विचारू शकता, ‘‘का रे, तुझी आई बरी आहे का?’’ आणि सूत्रधाराला उत्तर द्यावंच लागतं. पाच मिनिटांपूर्वी त्या पहारेकऱ्याला आईच नव्हती. आता आहे, आजारी आहे, आणि तो रडायला लागलाय. अख्ख्या मोहिमेला तिथून नवी दिशा मिळते.

ठेवणीतले राक्षस

या खेळाने जगाच्या कल्पनेत कितीतरी वस्तू आणून ठेवल्या. त्या कुठून आल्या हे पाहिलं तर गंमत वाटते. गायगॅक्सला हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी मिळाली होती, त्यात धड ना डायनोसॉर ना आणखी कुणी अशी विचित्र जनावरं. त्यांच्यावरून लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आणि घुबडाचं तोंड असलेलं अस्वल ‘आउलबेअर’ तयार झाले. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क या काल्पनिक जमातींमागे इंग्रज लेखक टोल्किनच्या कादंबऱ्या होत्या, इतक्या उघडपणे की हक्कधारकांच्या आक्षेपानंतर ‘हॉबिट’चं ‘हाफलिंग’ करावं लागलं. वीस पैलूंचे फासे हे शाळांना गणिताची साधनं विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमधले. अशी वेचून आणलेली सामग्री नियमांत बसली, मग कॉम्प्युटरवर गेली, आणि आता जगभरच्या अद्भुतकथांचा सामायिक साठा झाली.

नीतीचे नऊ चौकोनही त्यातलेच. १९७४ मध्ये पात्राची प्रवृत्ती तीनच प्रकारची होती: नियम पाळणारी, तटस्थ आणि अराजकी. पुढच्या काही वर्षांत तिला चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला गेला, आणि तीन गुणिले तीन असे नऊ खण झाले. माणूस कायदा पाळणारा असूनही दुष्ट असू शकतो, किंवा शिस्तीला न जुमानणारा असूनही भला, हे त्या चौकोनात एका नजरेत दिसतं. आज इंटरनेटवर मांजरांपासून व्याकरणाच्या चुकांपर्यंत कशाचेही नऊ खण करून लोक एकमेकांना पाठवतात. फासा हातात न धरलेल्यांनीही ते पाहिलेले असतात.

देशोदेशी या खेळाने वेगवेगळं रूप घेतलं. स्वीडनमध्ये १९८२ साली ‘द्राकार ओक देमोनेर’, जर्मनीत १९८४ साली ‘दास श्वार्त्झे आउगे’ हे त्यांचे आपले खेळ आले आणि तिकडच्या मुलांनी आधी तेच हाती घेतले. जपानमध्ये आणखी निराळं घडलं. ‘कॉम्पटिक’ या कॉम्प्युटर खेळांच्या मासिकाने १९८६ पासून एका गटाच्या डी अँड डी बैठकीचा वृत्तांत छापायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, फासा किती पडला, सगळं नाटकाच्या संहितेसारखं. वाचकांना ते इतकं आवडलं की ‘रिप्ले’ नावाचा वाचनप्रकारच तयार झाला. त्या पहिल्या वृत्तांतातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या कादंबऱ्या आणि पुढे ॲनिमेशन आलं. जपानी चित्रांतल्या लांब आडव्या कानांच्या एल्फ मुलींचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

अमेरिकेतही खेळाच्या टेबलावरून थेट पुस्तकात गेलेल्या गोष्टी आहेत. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी संपादित केलेली ‘वाइल्ड कार्ड्स’ ही मालिका १९८७ मध्ये सुरू झाली, ती लेखकमित्रांनी मिळून खेळलेल्या एका सुपरहिरो खेळातून. ‘द एक्सपान्स’ या विज्ञानकथांच्या मालिकेतलं अंतराळही आधी खेळासाठी रचलेलं होतं. सूत्रधारपण हे लेखकासाठी कठोर प्रशिक्षण आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं तर तो तुमच्या तोंडासमोर जांभई देतो.

भीतीची वर्षं

१९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक तरुण विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क मांडला की तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत डी अँड डी खेळताना हरवला असावा. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. तर्क खोटा निघाला. त्या मुलाचं दुःख वेगळंच होतं आणि खेळाशी त्याचा संबंध नव्हता. पण तोवर चित्र लोकांच्या मनात ठसलं होतं. १९८३ मध्ये, मुलगा आत्महत्येने गमावलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय घरोघरी नेला. हा सैतानपूजेचा मार्ग आहे, असं चर्चमधून आणि शाळांमधून सांगितलं जायला लागलं.

त्या आईबापांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. मुलं तासन्‌तास खोलीत बसतात, पुस्तकावर शिंगंवाला राक्षस, बोलण्यात ‘मी त्याला मारतो’, ‘मी मंत्र म्हणते’. समोर पट नाही, त्यामुळे खेळ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बाहेरून दिसत नाही. भूमिका आणि माणूस यांच्यातली रेघ आत बसलेल्याला स्पष्ट दिसते, दाराबाहेर उभ्या असलेल्याला नाही. पुढच्या अभ्यासांत खेळामुळे आत्महत्या किंवा गुन्हे होतात याला आधार सापडला नाही. दरम्यान प्रकाशकांनी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतान आणि पिशाच्चांची नावंच बदलून टाकली. आणि एवढ्या गाजावाजाने खेळाचा खप वाढला होता, तो वेगळाच.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या प्रकाशनावर छापा घातला. कॉम्प्युटर उचलून नेले, त्यांत लोकांचे ईमेलही होते, आणि त्यांच्याबरोबर ‘गर्प्स सायबरपंक’ या येऊ घातलेल्या खेळाचं हस्तलिखितही. हॅकर पात्रांचे नियम लिहिलेलं ते पुस्तक म्हणजे कॉम्प्युटर गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे, असं कंपनीला ऐकवण्यात आलं. कंपनी कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये जिंकली. ज्या घटनांमुळे १९९० च्या जुलैमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था उभी राहिली, त्यांत हा छापा होता. आपला ईमेल सरकारने कधी वाचावा, या आजच्या वादाचा एक धागा फासे आणि पेन्सिलींपर्यंत जातो.

संवाद परत येतो

१९८१ मधल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयखेळात पात्राचं मानसिक संतुलन मोजलं जायचं आणि ते कमी होत जायचं. म्हणजे पात्र बलवान होण्याऐवजी खचत जातं, आणि तरीही लोकांना ते खेळावंसं वाटतं. १९९१ मध्ये ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ने राक्षसाला खेळणाऱ्याच्या आत बसवलं: भूक आहे, लाज आहे, आता तू काय करतेस? या खेळाने कितीतरी स्त्रियांना या छंदात आणलं.

आकडे वापरूनही संवाद कसा फुलवता येतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण २०१० सालचं, व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’चं. सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. १० किंवा जास्त आले तर जमलं. ६ किंवा कमी आले तर सूत्रधार संकट आणणार. आणि ७ ते ९ आले तर? जमलं, पण काहीतरी मोजावं लागेल. आता गणित पाहा. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. त्यातल्या फक्त ६ निर्भेळ यशाच्या, १५ संकटाच्या आणि १५ या मधल्या, ‘हो, पण’वाल्या. पात्राच्या गुणांतून एकाची भर पडली तर मधल्या जोड्या १६ होतात, निर्भेळ यशाच्या आणि संकटाच्या १०-१०. नियमांनीच अशी सोय केलीय की दार उघडेल, पण आवाज होईल; मित्र वाचेल, पण त्याला तुझं गुपित कळेल. गोष्ट थांबतच नाही. पुढे शेकडो खेळांनी हा साचा उचलला.

२०१० नंतर इंटरनेटवर व्हिडिओ थेट दाखवणं सोपं झालं आणि तिथे संवादाचे दिवस खऱ्या अर्थाने फिरले. मार्च २०१५ मध्ये व्यवसायाने आवाजाचे कलाकार असलेल्या मित्रांनी आपली घरगुती डी अँड डी बैठक लोकांसमोर खेळायला सुरुवात केली; हाच ‘क्रिटिकल रोल’. एकेक भाग तीन-चार तासांचा, पडद्यावर नुसती बोलणारी माणसं. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या गोष्टीवर बावीस मिनिटांचं ॲनिमेशन करण्यासाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी १३ लाखांहून अधिक, आणि २०२२ मध्ये अख्खी मालिकाच आली. २०१६ च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेने तळघरात डी अँड डी खेळणारी चार मुलं जगभर नेली होतीच. ज्याला १९८५ मध्ये सैतानाचा खेळ म्हटलं गेलं, त्याच्या पन्नाशीनिमित्त २०२४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिकिटं काढली.

दुसऱ्यांना चार तास खेळताना बघण्यात काय मिळतं, असं मला विचारतात. जपानी ‘रिप्ले’ वाचणाऱ्यांना मिळायचं तेच. फासा पडतो तेव्हा कलाकारांचे चेहरे खरोखर उतरतात, कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

टेबलावर माणसं इतकी उघडी पडतात तेव्हा काळजीही घ्यावी लागते, आणि त्या काळजीच्या पद्धती या छंदाने स्वतः शोधल्या. मोहिमेआधीच्या बैठकीत कुठले विषय नकोत ते ठरवायचं. टेबलावर ‘एक्स’ लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कुणी त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या मुलांसाठी काही समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ आता हे खेळ वापरतात. पात्र बोलतंय, मी नाही, एवढ्या आडोशानेही काहींचा आवाज फुटतो.

या छंदाच्या घरातलं भांडणही आहे, आणि ते मला आवश्यक वाटतं. अख्खी जमातच जन्मतः दुष्ट, हे ऑर्कांबद्दल नियमांत लिहिलेलं होतं. खऱ्या जगात माणसांच्या गटांबद्दल असंच बोललं गेलंय आणि त्याचे परिणाम आपल्याला माहीत आहेत. २०२० मध्ये प्रकाशकांनी हे बदलायचं जाहीर केलं, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला. काही जुने खेळाडू रागावले, काहींना हे बदल वरवरचे वाटतात.

राहिला मालकीचा प्रश्न. डी अँड डी काढणारी मूळ कंपनी टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळांच्या कंपनीने घेतली, आणि विझर्ड्सला १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने. २००० साली त्यांनी नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली दिला, आणि त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नाचा वाटा मागणारा मसुदा फुटला. खेळाडूंनी कंपनीच्या वेबसाइटची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली, छोट्या प्रकाशकांनी नव्या परवान्यासाठी एकी केली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली. नियमांच्या गाभ्याची चारशेहून जास्त पानांची संहिता त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवून दिली. श्रेय दिलं की कुणीही ती छापू शकतं, बदलू शकतं, विकू शकतं, आणि हा परवाना आता मागे घेता येत नाही.

हिट पॉइंट त्यात आहेत, लेव्हल आहेत. दर दहा फूट पडण्यामागे सहा पैलूंचा एक फासा टाकून इजा मोजावी, हाही नियम आहे. पुलावर लोंबकळणाऱ्या त्या मुलीच्या दोराचं दुसरं टोक कुणी धरलंय, हे मात्र टेबलावरच्या त्या पाच जणांनाच ठाऊक.